बोलायची किंमत

"रविवारी संध्याकाळपर्यंत ही गाडी गेली तर ठीक. नाहीतर सोमवारी सकाळी तू बाबांच्या दुकानात, गल्ल्यावर," बायको म्हणाली आणि तिने टोस्टला लोणी लावायला घेतलं. आवाज अजिबात चढला नव्हता, हेच वाईट होतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. 'आता खालची ओळ वाचा' हे ती जितक्या शांतपणे सांगायची, तितक्याच शांतपणे तिने नवऱ्याचं भविष्य सांगून टाकलं.

हा नवरा म्हणजे आपले जावईबापू. माणूस लाखात एक, पण खोड मोठी. जुन्या स्पोर्ट्स कार ऑनलाइन लिलावात घ्यायच्या, गॅरेजात आणून घासायच्या, पुसायच्या, आणि परत ऑनलाइन लिलावातच विकायला काढायच्या. घ्यायचं छान जमायचं. घासायचं तर त्याहून छान. विकताना मात्र घोडं पेंड खायचं. कारण जावईबापूंना खोटं बोलता यायचं नाही, आणि खरं बोलायला लागले की थांबता यायचं नाही.

आत्ता गॅरेजात उभी होती ती पिवळ्या रंगाची, दोन सीटची, छत उघडणारी गाडी. दिसायला अशी देखणी की शेजारी उगाचच पत्ता विचारायला यायचे. दुसऱ्या कोणी 'उत्तम स्थितीत' एवढं लिहून हात झटकले असते. जावईबापूंनी लिहिलं होतं: 'छत बटण दाबताच उघडतं. बंद करताना मागून एकाने ढकलावं लागतं. डावा दरवाजा लहरी आहे. वळणावर कुठूनतरी 'टुक' असा आवाज येतो. कुठून ते अजून सापडलेलं नाही, शोध चालू आहे. सीटमध्ये बसणं सोपं आहे, उठताना कोणाचा तरी हात लागतो.' खाली प्रत्येक ओरखड्याचा वेगळा फोटो होता, तोही चांगल्या उजेडात काढलेला.

"अरे, तू गाडी विकतोयस की तिची तक्रार नोंदवतोयस?" बायकोने विचारलं.

"घेणाऱ्याला नंतर कळलं तर त्याला वाईट वाटेल ना."

"आधी कळलं तर तो घेणारच नाही, त्याचं काय?"

यावर जावईबापूंनी टोस्ट उचलला. तो त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला. दुकानाची नुसती कल्पनाही त्यांना नकोशी होती. गाड्या गेल्या की आपलं काय उरणार, असं त्यांना मनापासून वाटायचं.

आता दुकानाविषयी. सासऱ्यांचं गाद्यांचं दुकान होतं, भर चौकात, दोन मोठ्या काचांचं. मुलीने फोन करून 'रविवारपर्यंत ती पिवळी गाडी गेली नाही तर सोमवारपासून हा तुमच्याकडे येईल' असं सांगितलं तेव्हा सासरे तोंडभरून म्हणाले, "अगं येऊ दे की, घरचंच दुकान आहे." फोन ठेवला आणि ते समोरच्या गादीवर मटकन बसले. कारण जावईबापू दुकानात याआधी एकदा, एका दुपारपुरते, येऊन गेले होते आणि ती दुपार सासरे विसरू शकत नव्हते.

त्या दुपारी एक बाई दुकानातल्या सगळ्यात महागड्या गादीवर पडून बघत होत्या. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. सासरे बिलबुक उघडत होते.

"काकू, ही तुमच्यासाठी नाही," जावईबापू म्हणाले.

"का हो?" बाईंनी एक डोळा उघडला.

"फार मऊ आहे. सकाळी उठताना कंबर धरेल."

"कंबर कशाने धरेल?" सासरे म्हणाले. "राजे लोक झोपतात असल्या गादीवर."

"मग त्यांचीही धरत असेल, बाबा."

मग दोघांची अशी काही जुंपली की बाई कधी उठल्या, कधी चपला घातल्या आणि कधी गेल्या हे दोघांनाही कळलं नाही. सासऱ्यांनी त्या रात्री रक्तदाबाची गोळी घेतली आणि मनाशी ठरवलं, जावई सोन्यासारखा आहे, तेव्हा त्याला सोन्यासारखंच घरात ठेवावं, दुकानात आणू नये. पण हे लेकीला सांगणार कोण? जावयाला नाही म्हटलं की लेक रुसणार. म्हणजे एकच वाट उरली. रविवारी ती पिवळी गाडी विकली गेलीच पाहिजे.

आणि विकण्याच्या बाबतीत सासऱ्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या धंद्यात एक जुनी युक्ती होती. तिला ते 'लटकं गिऱ्हाईक' म्हणायचे. खरं गिऱ्हाईक घेऊ की नको करत घुटमळायला लागलं, की दुसरं एक गिऱ्हाईक आत यायचं, त्याच गादीवर हात फिरवायचं आणि म्हणायचं, "मी बघितली होती ती हीच. बांधा." की घुटमळणारा लगेच पुढे सरसावायचा. खरं गिऱ्हाईक गळाला लागलं की लटक्याने पाय मागे घ्यायचा, हा नियम. हे लटकं गिऱ्हाईक म्हणजे साक्षात सासूबाई. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पर्स बदलून, केस बदलून, कधी गॉगल लावून त्यांनी ती एकच गादी इतक्या वेळा घेतली होती की ती त्यांच्याच माहेरून आल्यासारखी वाटायची.

पण या वेळी सासऱ्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'जावयाला दुकानात घ्यायला तुम्हाला जड जातंय' हे वाक्य पुढची वीस वर्षं ऐकावं लागलं असतं. त्यांनी गुपचूप मोबाइलवर ती लिलावाची साइट उघडली, नाव नोंदवलं, कार्डाचा नंबर दिला. टोपणनाव विचारलं तेव्हा डोकं खाजवून 'तिऱ्हाईत' असं लिहिलं. मग पानभर नियम आले. त्यांच्या खाली 'मान्य आहे' असं बटण होतं. आपण सगळे जे करतो तेच सासऱ्यांनी केलं.

साइटवर जागोजागी लिहिलं होतं, 'बोली लावा', 'आपली बोली नोंदवा', 'सर्वोच्च बोली'. ते वाचून सासऱ्यांना अगदी घरी आल्यासारखं वाटलं. त्यांच्या दुकानात किंमत दोन प्रकारची असायची, एक बोलायची आणि एक द्यायची. बोलायची किंमत नुसती बोलायची असते, ती कोणी मनावर घेत नाही. ही बोली म्हणजे तीच, हे त्यांनी धरूनच टाकलं. बोलायला काय जातंय? तोंडच तर वापरायचं. इथे तर तेही नाही, नुसता अंगठा.

रविवार उजाडला. दुपारपर्यंत 'चौथा गिअर' नावाच्या कोणा हौशी माणसाची एकच बोली आली होती. ती इतकी लाजरी होती की तेवढ्या पैशांत फार तर गाडीचे आरसे आले असते. त्याखाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'राखीव किंमत गाठलेली नाही.' म्हणजे जावईबापूंनी ज्याच्या खाली गाडी द्यायची नाही असं ठरवलं होतं, तो आकडा अजून लांब होता. तेवढ्यात 'तिऱ्हाईत' याचा प्रश्न आला.

'सीट आतून कशाची आहे? कापूस की फोम?'

जावईबापूंनी तत्परतेने लिहिलं, 'फोम. उजव्या बाजूला थोडा बसला आहे.'

'बसू द्या. फोम बसतोच,' तिऱ्हाईताने उत्तर दिलं आणि चांगली घसघशीत बोली लावली.

"समजूतदार माणूस दिसतोय," जावईबापू बायकोला म्हणाले.

"तिऱ्हाईत? हा शब्द आपल्या ओळखीत कोण वापरतं रे?" बायको म्हणाली, पण तितक्यात तिला फोन आला आणि विचार तिथेच राहिला.

इकडे सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. त्यांना जावयाचा फार लळा. घरात त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकच माणूस होता. त्याला गाड्यांपासून तोडून गल्ल्यावर बसवायचं या विचाराने त्यांचा जीव तुटत होता. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणाला असता, 'येऊ दे की, घरचंच दुकान आहे.' तो लेकीशी फोनवर बोलत असताना त्यांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेव्हा त्यांनीही गुपचूप नाव नोंदवलं. टोपणनाव घेतलं 'गरजू'.

संध्याकाळ झाली. सासरे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, सासूबाई आत पलंगावर. मधे एक भिंत आणि अर्धवट उघडं दार.

"काय करताय हो?" आतून आवाज आला.

"बातम्या वाचतोय. तू?"

"बहिणीशी बोलतेय."

"आवाज नाही येत तो?"

"ती बोलतेय ना. मी ऐकतेय."

आणि 'गरजू'ने 'तिऱ्हाईत'च्या वर बोली लावली.

सासरे खूष झाले. खरं गिऱ्हाईक आलं. त्यांनी लगेच वर बोली दिली. आत सासूबाईंचे डोळे चमकले. हा तिऱ्हाईत गरम आहे, अजून एकदा फुंकर घालू. त्यांनी आणखी वर दिली. असं करत करत आकडा जिना चढावा तसा चढत गेला. लाल अक्षरं गेली आणि हिरवी आली, 'राखीव किंमत गाठली.' नियमाप्रमाणे आता लटक्याने पाय मागे घ्यायचा. पण प्रश्न असा की दोन्हीही लटकीच, आणि जो थांबेल तो दुसऱ्याला खरं समजून थांबेल. शिवाय साइटचा आणखी एक नियम होता. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटं पुढे जायचं. सासऱ्यांना ही सोय फारच आवडली. असं घड्याळ आपल्या दुकानात असतं तर, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

गॅरेजात जावईबापू गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. शेजारी बायको.

"किती झालं?" तिने विचारलं.

जावईबापूंनी मोबाइल तिच्यापुढे धरला. ती दुसऱ्यांची नजर तपासणारी बाई, तिने आकडा दोनदा वाचला, मग मोबाइल थोडा लांब धरून पुन्हा वाचला.

"हे लोक वेडे आहेत का?"

"मी त्यांना सांगू का, की एवढी किंमत नाही तिची?"

"तू एक अक्षर लिहिलंस तर बघ," बायकोने मोबाइल काढून घेतला.

शेवटी सासूबाईंनी हात आखडता घेतला. गळाला लागला मासा, आता आपलं काम संपलं, असं म्हणून त्यांनी मोबाइल उशीखाली ठेवला आणि समाधानाने पाय ताणले. बाहेर सासरे गरजूची वाट बघत बसले. गरजू येईना. घड्याळ मात्र पळत होतं. 'सर्वोच्च बोली: तिऱ्हाईत'. हे दुकानात कधी झालं नव्हतं. लटक्याच्या गळ्यात गादी कधी पडली नव्हती. त्यांनी पानावर 'नको' असं बटण शोधलं. 'परत', 'चूक झाली', 'राहू द्या', काहीच नव्हतं. नाइलाजाने त्यांनी प्रश्नांच्या रकान्यात घाईघाईने लिहिलं.

'मी सहज बोललो होतो. कृपया मनावर घेऊ नये.'

त्याखाली 'चौथा गिअर' याने हसणारे चार चेहरे टाकले. आणि लिलाव संपला.

"विकली गेली," बायको म्हणाली आणि तिने नवऱ्याला मिठी मारली. जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवार आता सोमवारसारखा येणार होता, दुकानासारखा नाही. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि मग साइटवरून खरेदीदाराचा नंबर आला. त्यांनी घसा साफ करून तो लावला. मोबाइलच्या पडद्यावर नाव उमटलं: बाबा.

"चुकून तुम्हाला लागला, बाबा," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी ठेवला. नंबर पुन्हा नीट बघून लावला. पुन्हा बाबा.

"जावईबापू," पलीकडून खोल गेलेला आवाज आला, "या जरा घरी. गाडी घेऊनच या."

पिवळी गाडी दोघांना घेऊन सासऱ्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा सासरे खुर्चीतून उठले नाहीत. समोर पाण्याचा ग्लास होता, आत सासूबाईंचा डोळा लागला होता. त्यांनी सगळं सांगितलं. दुकानातलं लटकं गिऱ्हाईक, बोलायची किंमत, द्यायची किंमत. फक्त का केलं ते सांगायचं टाळलं.

"अहो बाबा, बोली म्हणजे घ्यायचीच असते," जावईबापू म्हणाले.

"मग तिला बोली का म्हणतात? घेणी म्हणा की."

"पण तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत," जावईबापूंनी त्यांचा हात हातात घेतला. सासऱ्यांनी नजर खिडकीकडे वळवली. "आणि काळजी करू नका. घरच्यांनी बोली लावलेली साइटला चालतही नाही. मी खरं काय ते कळवतो. मग ते दुसऱ्या नंबरच्या बोलीदाराला विचारतात. तो गरजू घेईल, अगदी थोडक्यात हुकली त्याची."

"विचारा, विचारा," सासऱ्यांच्या जिवात जीव आला. "तो खरंच गरजू दिसत होता."

जावईबापूंनी कळवलं आणि बटण दाबलं. मग आतल्या खोलीतून, उशीखालून, 'टिंग' असा आवाज आला.

सासूबाई दारात आल्या. हातात मोबाइल, चेहऱ्यावर आश्चर्य. "अगंबाई, हे म्हणतायत गाडी मला देतो म्हणून. मी तर सोडली होती. एक कुणीतरी तिऱ्हाईत अडून बसला होता, इतका आडमुठा माणूस मी जन्मात बघितला नाही."

मग त्यांनी दारातली गाडी पाहिली, जावयाला पाहिलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाण्याच्या ग्लासात बघत होता.

"तुम्ही?"

"तू बहिणीशी बोलत होतीस ना?"

"आणि तुम्ही बातम्या वाचत होतात ना?"

बायको, म्हणजे त्यांची लेक, भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे पुसेपर्यंत हसली. जावईबापूंना मात्र हसू येईना. आता तिसऱ्या नंबरला तो चौथा गिअर, आणि त्याची बोली आरशांपुरती. म्हणजे गाडी गेली नाही. त्यांनी मान खाली घातली.

"मी रद्द करून टाकतो सगळं, बाबा. शब्द म्हणजे शब्द. उद्या सकाळी येतो दुकानात."

सासऱ्यांनी ग्लास खाली ठेवला. एका पारड्यात पिवळी गाडी, दुसऱ्या पारड्यात जावई, असा हिशोब त्यांच्या कपाळावर उघड उघड दिसत होता. गाडीला काय, एकदाच पैसे मोजायचे. जावई रोज सकाळी येणार. रोज कोणाच्या ना कोणाच्या कंबरेचा विषय काढणार.

"रद्द कशाला?" ते ठामपणे म्हणाले. "आम्ही घेतो गाडी. त्या साइटला सांगा, घरातल्या घरात मिटलं. तुमची राखीव किंमत देतो. उद्या दुकानात यायची अजिबात गरज नाही तुम्हाला. अजिबात."

"पण बाबा, तिचा तो टुक आवाज..."

"घरच्या गाडीचा आवाज चालतो. चावी द्या."

चावी मात्र सासूबाईंनी घेतली. त्या म्हणाल्या, थोडं चालवून तर बघू, एवढा आकडा बोललो तर वाराही खाऊन बघू. सासरे नको नको म्हणत शेजारच्या सीटमध्ये उतरले. बसणं सोपंच होतं. छत मागे गेलं, गाडीने खाकरल्यासारखं केलं आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

ती दोघं परत आली तेव्हा अंधार पडायला आला होता. सासूबाईंचे केस सगळीकडे विस्कटले होते. सासऱ्यांचे जे काही थोडे होते, तेही उभे होते. त्यांना उठायला जावयाचा हात लागला, पण उठल्यावरही ते गाडीपासून हलेनात.

"नदीच्या पुलापर्यंत गेलो," ते म्हणाले. "ही काय चालवते, जावईबापू. मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं हिला मी नुसती गाद्यांवर झोपवली."

"जरा वेग घेतला तर हे गाणं म्हणायला लागले," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे गाल मुलीसारखे लाल झाले होते. सगळ्यांना एकदम फार छान वाटलं.

मग सासरे खाकरले. "उद्या आम्ही पुलाच्या पलीकडे जायचं म्हणतोय. परवा धरणाकडे. म्हणजे दुकान उघडायला कोणीतरी लागेल. चार गिऱ्हाइकं गेली तर गेली." त्यांनी खिशातून शटरची चावी काढून जावयाच्या हातात ठेवली. "घरचंच दुकान आहे."

"पण बाबा, गाडी विकली गेली ना? ठरलं होतं की..."

"ठरलं होतं ते तुझ्या आणि माझ्यात," बायको म्हणाली. "बाबांना मी कशी नाही म्हणू?"

सोमवारी जावईबापूंनी जड हाताने शटर वर केलं. एक गोष्ट त्यांनी रात्रीच ठरवली होती. इतकं खरं बोलायचं, इतकं खरं बोलायचं, की दोन दिवसांत सासऱ्यांनी हात जोडून दुकानाबाहेर काढलं पाहिजे.

पहिलं गिऱ्हाईक आलं. एक मध्यमवयीन जोडपं. ते त्या महागड्या गादीपाशी थांबलं.

"ती घेऊ नका," जावईबापू म्हणाले. "महाग आहे ती वरच्या कापडामुळे. आत भरलंय तेच या स्वस्तातल्या गादीत भरलंय."

जोडप्याने एकमेकांकडे बघितलं. दुकानात या वेळी वाद घालायला दुसरं कोणीच नव्हतं.

"मग त्या दोन द्या," नवरा म्हणाला. "एक आईसाठीही घेतो."

त्यांच्यामागे एक आजोबा आले. जावईबापूंनी त्यांना सांगितलं की तुमच्या कंबरेला गादीच नको, नुसती सतरंजी बरी. आजोबा इतके खूष झाले की नातवासाठी गादी घेऊन गेले आणि जाताना चौकात भेटेल त्याला सांगत सुटले, 'इथला नवा माणूस खरं बोलतो.' दुपारनंतर तर लोक रांगेत उभे राहून 'आम्ही कुठली गादी घेऊ नये ते सांगा' असं विचारायला लागले. जावईबापू घाम पुसत होते, दोष सांगत होते, आणि गाद्या बांधत होते. संध्याकाळी त्यांनी घाबरत घाबरत सासऱ्यांना फोन लावला. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता, वळण आलं असावं कारण एक 'टुक' झालं, आणि सासूबाईंचं हसू ऐकू आलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते एवढंच म्हणाले, "मग आता दुकान तुम्हीच बघा. आम्ही काही लवकर येत नाही."

रात्री जावईबापू घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले.

"कसा गेला दिवस?" बायकोने विचारलं.

"फार वाईट," जावईबापू म्हणाले. "सगळं विकलं गेलं."